शिवाजी पार्कातला सहा डिसेंबरचा पुस्तकबाजार : काय घ्यावं, काय उलटून पाहावं

दलित, भटक्या-विमुक्तांचं आणि एकूणच आंबेडकरी साहित्य मराठीत विकत घ्यायचं तर वर्षाकाठी दोन पेठा खऱ्या. एक अशोक विजयादशमीला नागपुरात दीक्षाभूमीवर भरते, दुसरी महापरिनिर्वाण दिनाला दादरच्या शिवाजी पार्क मैदानावर, चैत्यभूमीच्या अगदी जवळ. हे परीक्षण दादरच्या पेठेचं. निवडीला इथे पूर्ण गुण द्यावेत, किमतीलाही. मांडणीला निम्मे. छपाईच्या भरवशाला मात्र त्याहूनही कमी. हा शेवटचा भाग समजून न घेता पिशवी भरली तर घरी आल्यावर हातात अर्धवट पुस्तकं निघतात, म्हणून पुढे जास्त जागा त्यालाच दिली आहे.

आधी वेळ. ४ तारखेपासून टेबलं लागू लागतात, ५ च्या दुपारपर्यंत बहुतेक गठ्ठे सुटलेले असतात. ज्याला पुस्तक हातात घेऊन चाळायचं आहे, विक्रेत्याशी बोलायचं आहे, त्याने ५ लाच यावं. ६ ला विदर्भ, मराठवाडा, खानदेशातून आलेली कुटुंबं चैत्यभूमीचं दर्शन उरकून मैदानात येतात आणि टेबलापाशी उभं राहायलाही जागा उरत नाही. त्या दिवशी पहिला हक्क त्यांचा. रात्रभर गाडीत उभं राहून आलेल्या माणसाला परतीची गाडी गाठायची असते. मुंबईकराने आदल्या दिवशी खरेदी उरकली तर त्याचंही भलं आणि त्यांचंही.

दादर पश्चिमेला उतरून रानडे रोडने चालत जावं. ६ ला परिसरातले रस्ते बंद किंवा वळवलेले असतात, टॅक्सीच्या भरवशावर राहू नये. सुट्टे पैसे न्यावेत: गर्दीत मोबाइलचं नेटवर्क दबतं, स्कॅन करून पैसे देणं अडकतं आणि मागे माणसं ताटकळतात. पाठीवरच्या पिशवीखेरीज एक जाड कापडी पिशवी हवीच. सरकारी खंड वजनदार आहेत, तीन-चार घेतले की साध्या पिशवीचे बंद टिकत नाहीत.

माल प्रकाशकाप्रमाणे लागतो, विषयाप्रमाणे नाही. एकाच टेबलावर पाली व्याकरण, रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ, आत्मकथनं, स्पर्धा परीक्षेची गाईडं, बुद्धवंदनेच्या पातळ पुस्तिका, २२ प्रतिज्ञांचा तक्ता आणि कॅलेंडर. शोधणाऱ्याची यात दमछाक होते, हा दोष खराच. पण शहरातल्या नेहमीच्या दुकानात ‘दलित साहित्य’ नावाचा जो एक कप्पा असतो, त्याच्याशी हे ताडून पाहा. त्या कप्प्यात कादंबरी, कविता, समाजशास्त्र, चरित्र सगळं एकत्र कोंबलेलं असतं. लेखकाची जात हाच तिथे वाङ्मयप्रकार. बाबूराव बागूलांचा १९६३ चा कथासंग्रह मराठी कथेच्या रांगेत लागत नाही, नामदेव ढसाळांची ‘गोलपिठा’ (१९७२) कवितेच्या रांगेत लागत नाही. मर्ढेकर वाचणाऱ्या गिऱ्हाइकाच्या नजरेला ढसाळ पडूच नयेत अशी ती रचना आहे, मग ती मुद्दाम केलेली असो वा सवयीने झालेली. शिवाजी पार्कात असा कप्पा नाही, कारण इथे सगळं टेबलच त्या लेखकांचं आहे.

आता सरकारी खंड. बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांची मालिका महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून काढली. पहिले खंड वसंत मून यांनी संपादित केले. पानांच्या मानाने किंमत अत्यंत कमी, बांधणी पक्की, त्यामुळे शासनाच्या स्टॉलवर सकाळपासून रांग लागते. अडचण उपलब्धतेची. काही खंड वर्षानुवर्षं पुनर्मुद्रणात अडकलेले असतात. रखडलेल्या छपाईची मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये स्वतःहून दखल घेतली होती. तेव्हा ‘पूर्ण संच’ मागू नये, क्रमांक लिहून न्यावेत. साहित्याच्या वाचकाला पहिल्या फेरीत तीन पुरे. खंड १, कारण जातिसंस्थेच्या उच्चाटनावरचं भाषण त्यात आहे. खंड ७, शूद्र आणि अस्पृश्य यांच्या उगमावरचे दोन ग्रंथ. आणि खंड १२, ज्याच्याकडे फार थोड्यांचं लक्ष जातं, पण ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ हे त्यांचं आत्मकथनपर लेखन त्यातच आहे. मराठी भाषणं हवी असतील तर खंड १८. तो तीन भागांत आहे आणि भाग सुटे मिळतात. पाठीवर नुसतं ‘१८’ पाहून घेऊ नये, भाग कुठला ते वाचावं. हाच घोटाळा तीन भागांच्या खंड १७ चा आणि दोन भागांच्या खंड १४ चा.

खासगी आवृत्त्यांत खरी पारख लागते, आणि त्याचं मूळ कायद्यात आहे. लेखकाच्या निधनानंतर पुढच्या वर्षापासून ६० वर्षं स्वामित्वहक्क राहतो. बाबासाहेबांचं निधन १९५६ चं, म्हणजे त्यांनी हयातीत छापलेलं लेखन १ जानेवारी २०१७ पासून कुणालाही छापता येतं. निधनानंतर प्रथम छापलेल्या ग्रंथांची ६० वर्षं त्या छपाईपासून मोजतात: ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ १९५७ चा, तो २०१८ पासून मुक्त झाला, ‘रिडल्स इन हिंदुइझम’ १९८७ साली चौथ्या खंडात आला, त्याची मुदत अजून बरीच आहे. मराठी अनुवादावर अनुवादकाचा हक्क वेगळा. त्यामुळे एकाच भाषणाचे पाच-सहा मराठी अनुवाद पाच-सहा नावांनी टेबलावर दिसतात. त्यांतले काही मन लावून केलेले, काही जुन्या अनुवादात शब्द इकडेतिकडे करून उभे केलेले. अनुवादकाचं नावच नसेल तर ते पुस्तक खाली ठेवावं. फुले १८९० साली गेले, त्यांचं लेखन केव्हाच मुक्त आहे. अण्णाभाऊ साठे १९६९ साली गेले, त्यांचे हक्क २०२९ अखेरपर्यंत आहेत. दया पवार १९९६ साली, बागूल २००८ साली, ढसाळ २०१४ साली. यांची पुस्तकं मूळ प्रकाशकाखेरीज कुणा निनावी छापखान्याची दिसली तर ती चोरीची समजावी. चोरीच्या प्रतीचे चाळीस-पन्नास रुपये वाचतात, पण लेखकाच्या घरी एक पैसा पोचत नाही, आणि या घरांना पुस्तकांशिवाय दुसरी मिळकत असतेच असं नाही.

प्रत पारखायला दोन मिनिटं लागतात. शीर्षकपानाची मागची बाजू उघडावी: प्रकाशक, मुद्रक, पत्ता, आवृत्तीचं साल, हक्क कुणाकडे. यातलं निम्मं गाळलेलं असेल तर पुढे पाहायची गरज नाही. मग फॉर्मे. पुस्तक सोळा-सोळा पानांच्या घड्यांनी बांधतात, त्यामुळे चूक झाली की सोळाच्या पटीत होते. १६-१७, ३२-३३, ४८-४९ असे सांधे चाळत शेवटपर्यंत जावं. पान सलग नसेल, किंवा एकच फॉर्मा दोनदा आला असेल, तर तिथेच सापडतं आणि विक्रेता लगेच बदलून देतो. गावी पोचल्यावर सापडलं तर कुणाला सांगणार? नंतर पुस्तक मधोमध उघडून हलकेच दाबावं. नुसत्या डिंकाची बांधणी असेल तर ‘कट्’ असा आवाज येतो आणि काही महिन्यांत पानं सुटतात. विहाराच्या वाचनालयासाठी घेत असाल तर शिवलेल्या बांधणीचीच प्रत मागावी, थोडे पैसे जास्त गेले तरी.

मजकूर पूर्ण आहे का, हे प्रत्येक पुस्तकाला वेगळ्या खुणेने ओळखावं लागतं. जातिसंस्थेवरचं १९३६ चं भाषण २६ भागांचं आहे. सोबत लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाशी झालेला पत्रव्यवहार हवा, आणि १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीपासून जोडलेली गांधीजींची टीका व तिला बाबासाहेबांचं उत्तर हवं. स्वस्त पुस्तिकांत हे उत्तर हमखास गळतं. ते नसेल तर वाद एकाच बाजूने ऐकल्यासारखा होतो, आणि बाबासाहेबांच्या गद्याची सगळ्यात तीक्ष्ण पानंच हातची जातात. ‘द बुद्ध अँड हिज धम्म’मध्ये त्यांनी १९५६ साली लिहिलेली प्रस्तावना आहे का पाहावं; पहिल्या आवृत्तीत ती छापली गेली नव्हती आणि त्या आवृत्तीवरून काढलेल्या प्रतींत अजूनही नसते. सविता आंबेडकर आणि डॉ. मालवणकर यांचं ऋण बाबासाहेबांनी तिथेच मानलं आहे.

‘वेटिंग फॉर अ व्हिसा’च्या मराठी पुस्तिका बऱ्याच मिळतात आणि पहिल्यांदा जाणाऱ्याने सर्वांत आधी हीच घ्यावी. अट एक: सहाही प्रकरणं असावीत. पहिल्या चारांत त्यांचे स्वतःचे अनुभव आहेत: वडिलांकडे निघालेल्या मुलांचा बैलगाडीचा प्रवास, बडोद्याची पारशी खानावळ, चाळीसगावचा टांगा, दौलताबादचा हौद. शेवटची दोन दुसऱ्यांची आहेत. काठेवाडातल्या एका शिक्षकाच्या बाळंतीण पत्नीला डॉक्टर हात लावत नाही; बोरसद तालुक्यात तलाठी म्हणून नेमलेल्या तरुणाला गाव काम करू देत नाही. पुस्तिका लहान करायला हीच दोन कापतात, आणि त्यामुळे लेखनाचा अर्थच आखडतो. बडोद्याला परदेशी पदवी घेऊन गेलेला माणूस, शिक्षक, तलाठी: शिकून वर्ग बदलला, पगार आला, कचेरीत खुर्ची मिळाली, तरी जात सोडत नाही, हे सहा प्रकरणांतून मिळून उभं राहतं. चारांत ते एका थोर माणसाचं दुःख होऊन बसतं.

आत्मकथनांत मूळ प्रकाशकाच्या प्रती या पेठेत सहज मिळतात आणि सवलतही बरी असते. ज्याने एकही वाचलं नाही त्याने दया पवारांच्या ‘बलुतं’पासून (१९७८) सुरुवात करावी. शहरात नोकरीला लागलेला दया आणि गावचा दगडू मारुती पवार यांच्यातलं ते बोलणं आहे. वर्ग आणि जात यांची ओढाताण एकाच माणसाच्या आत इतकी उघडी क्वचितच दिसते. त्यानंतर बेबी कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’, १९८२ साली ‘स्त्री’ मासिकातून आलेलं आणि १९८६ साली पुस्तक झालेलं. त्यात ‘मी’ कमी आणि महारवाडा जास्त आहे. घरातल्या सुनेवर होणारा जुलूमही झाकलेला नाही. कोकणातली बाजू उर्मिला पवारांच्या ‘आयदान’मध्ये (२००३). लक्ष्मण मानेंचं ‘उपरा’ (१९८०) आणि लक्ष्मण गायकवाडांचं ‘उचल्या’ (१९८७) ही दोन्ही साहित्य अकादमी पुरस्काराची, आणि दोन्ही गावकुसाच्याही पलीकडली: ज्यांना गावच नव्हतं, ज्यांच्या अख्ख्या जमातीला इंग्रजांच्या कायद्याने गुन्हेगार ठरवलं, त्यांची. पाच एकदम घेतली तरी चालतील, पण एका बैठकीत वाचू नयेत.

या पुस्तकांची निनावी, नव्याने टाइप केलेली प्रत घेण्यात चोरीपेक्षाही मोठं नुकसान आहे. टाइप करणारा बोली ‘दुरुस्त’ करतो. ‘न्हाई’चं ‘नाही’ होतं, ‘व्हता’चं ‘होता’. इथवर एकवेळ सोसता येईल. पण या लेखनात माणसाची पायरी त्याला कुणी कशी हाक मारतं यावरून कळते. पांढऱ्या केसांचा येसकर (गावच्या वेशीचा महार राखणदार) पाटलाच्या पोराला ‘जी’ म्हणतो, पोर त्याला ‘ए’ म्हणून पुकारतं, आणि लेखक त्यावर एक अक्षर बोलत नाही. प्रमाणभाषेच्या नादात दोघांच्या तोंडी सारखं बोलणं घातलं की प्रसंग उरतो, अपमान नाहीसा होतो. म्हणून कुठलंही संवादाचं पान उघडून पाहावं: महारवाडा, पाटलाचा वाडा आणि मास्तर तिघं एकसारखं बोलत असतील तर ती प्रत नको. शेवटी शब्दार्थांची यादी असलेली आवृत्ती शहरी वाचकाने आवर्जून मागावी. तराळ, पाडेवार, हाडकी-हाडोळी, तक्क्या, चान्या हे शब्द संदर्भाने थोडेफार लागतात, पण त्यांमागची व्यवस्था लागत नाही. जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये आणलेल्या मजकुरात रफार आणि जोडाक्षरं गळतात, तेही याच वेळी डोळ्यांना दिसतं.

गाण्यांच्या पुस्तिकांकडे साहित्याचे वाचक वळत नाहीत, आणि ही या पेठेबाबत होणारी सर्वांत मोठी चूक. वामनदादा कर्डकांची (१९२२–२००४) आणि त्यांच्या मागून आलेल्या कवी-गायकांची गाणी दुकानातल्या कविताविभागात सापडणं कठीण. इथे ती ढिगाने असतात, चहा-वड्याच्या पैशात. ज्या घरात वाचायला कुणालाच येत नव्हतं, तिथे आंबेडकरी विचार आधी गाण्यातून पोचला. पण इथेही पारख हवी. या परंपरेत कवी आपलं नाव शेवटच्या कडव्यात गुंफतो; वामनदादांच्या गाण्यात ‘वामन’ येतो तो असा. रेकॉर्डिंगवरून उतरवलेल्या पुस्तिकांत गायकाने सोडलेलं शेवटचं कडवंच छापलेलं नसतं, वर गाणं गायकाच्या नावे लावलेलं असतं, आणि कवी दोन्हीकडून पुसला जातो. प्रत्येक गाण्याखाली कवीचं नाव आहे आणि शेवटच्या कडव्यात नाममुद्रा आहे, अशी पुस्तिका निवडावी. पहिल्या ओळींची सूची असेल तर उत्तमच.

उणिवाही सांगायला हव्यात. आदिवासी लेखन इथे फारच कमी दिसतं. वाहरू सोनवणे किंवा भुजंग मेश्राम यांच्या कविता मागितल्या तर बहुतेक टेबलांवर मान हलते. मातंग, चर्मकार लेखकांची पुस्तकं आहेत पण विखुरलेली. अण्णाभाऊंचा सरकारी ग्रंथ ‘निवडक’ वाङ्मयाचा आहे, त्यात सगळ्या कादंबऱ्या मिळतील असं समजून घेऊ नये. बायकांचं लेखन चार-पाच ठरलेल्या नावांपलीकडे कष्टाने शोधावं लागतं. शांताबाई कांबळे, कुमुद पावडे यांच्यासाठी दोन-तीन ठिकाणी विचारावं. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांच्या मुलाखतींतून उभं केलेलं ‘आम्हीही इतिहास घडवला’ (१९८९) दिसलं तर मागेपुढे न पाहता घ्यावं. समीक्षेत शरद पाटलांचं अब्राह्मणी सौंदर्यशास्त्र आणि शरणकुमार लिंबाळ्यांचं दलित साहित्याचं सौंदर्यशास्त्र ही दोन विचारून घ्यावीत. ती मागे, खोक्यात असतात. मुलांसाठी चित्रमय चरित्रांपलीकडे जवळपास काही नाही. पहिल्यांदाच पुस्तक विकत घेणारं कुटुंब ज्या पेठेत मुलाला हाताशी धरून येतं, तिथे मुलांच्या कथा-कवितांचं टेबल नसावं हे मनाला लागतं. प्रकाशकांनी यात हात घालावा.

घासाघीस कुठे करावी? मोठ्या प्रकाशकांकडे सवलत ठरलेली असते, विचारलं की सांगतात. जिथे कवी स्वतःच्या खर्चाने छापलेला संग्रह घेऊन टेबलामागे बसलेला असतो, तिथे छापील किंमत द्यावी. अशा संग्रहांत कच्चं बरंच असतं, पण दोन-चार कविता उभ्यानेच वाचून ठरवायला कुणी हरकत घेत नाही. ‘जय भीम’ म्हणून सुरुवात करावी आणि काय वाचलंय, काय हवंय ते सरळ सांगावं. इथले विक्रेते स्वतः वाचणारे आहेत. नागपूर-वर्ध्याकडून आलेला एखादा दादा तीन अनुवादांतला बरा कुठला ते सकारण सांगतो, आणि दुसऱ्याच्या टेबलावर असेल तर बोट दाखवून तिकडे पाठवतो. ६ च्या संध्याकाळी उरलेला माल स्वस्तात निघतो, पण तोवर मागणीची पुस्तकं संपलेली असतात. चित्रं, तक्ते, पुस्तिका घ्यायला ती वेळ बरी.

जे खंड मैदानात मिळणार नाहीत त्यांच्यासाठी चर्नी रोडचं शासकीय ग्रंथागार आहे. जाण्याआधी फोन करून शिल्लक विचारावी. फुल्यांचं समग्र वाङ्मय राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाचंच घ्यावं; कीर आणि मालशे यांनी १९६९ साली संपादित केलेली ती मूळ आवृत्ती पुढे य. दि. फडक्यांनी नव्याने पाहिली आहे. इंग्रजी खंडांच्या पीडीएफ केंद्राच्या परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर मोफत आहेत. त्या उतरवून घेतल्या तर ५ डिसेंबरला मैदानात उभं राहून मराठी पुस्तिकेतली प्रकरणं मूळ अनुक्रमणिकेशी तिथल्या तिथे ताडून पाहता येतात.